हजेरीपटाबाहेरची पाच वर्षं

बोईसरमध्ये कुणी 'सतरा नंबर भरलाय' असं म्हणालं की समोरचा आवाज जरा खाली आणून विचारतो, "किती विषय राहिलेत?" दहावी-बारावीला शाळेबाहेरून बसणाऱ्यांचा हा फॉर्म. तो भरतात नववीत गळालेली मुलं, लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या बाया, एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागलेले आणि आता पुढे सरकायला दहावीचं मार्कशीट हवं म्हणून परत आलेले कामगार. मार्च २०२०मध्ये मी दहावीला बसले तेव्हा माझ्या पुढच्या बाकावर एक काकू होत्या. त्यांचा मुलगा त्याच वर्षी दुसऱ्या केंद्रावर दहावीचे पेपर देत होता. मागे एक दादा, नाईट शिफ्ट करून अंघोळ उरकून थेट पेपरला येणारा. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी मला एकच विचारलं, "तू कशात नापास झालीस?" मी कशातच नापास झाले नव्हते. पाचवीनंतर मी शाळेतच गेले नव्हते.

आता मी एमएस्सीला आहे. सहावी ते दहावी घरी शिकले, बोईसरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. घरी शिकण्याबद्दल जे काही छापून येतं ते बहुतेक आई-वडिलांनी लिहिलेलं असतं आणि त्यात मूल नेहमी प्रसन्न असतं. निर्णय पालक घेतात, पण त्या निर्णयात राहायचं मुलाने. म्हणून ही दुसरी बाजू लिहावीशी वाटली.

आम्ही हे का केलं, याचं उत्तर फार थोर नाही. बाबा तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत. फर्स्ट शिफ्ट सात ते तीन, सेकंड तीन ते अकरा, नाईट अकरा ते सात, आणि दर आठवड्याला बदल. माझी शाळा सकाळची. बाबा सेकंडला असले की आमची गाठ दुपारी जेवणाच्या ताटावर अर्धा तास पडायची, मग ते कंपनीच्या बसला आणि मी क्लासला. शाळेत वर्गात साठच्या वर मुलं. बाई चांगल्या होत्या, पण साठ वह्या तपासणाऱ्या माणसाकडून आणखी काय मागणार? जूनमध्ये पुस्तकं हातात आली की मी ती आठवड्याभरात वाचून काढायचे आणि उरलेलं वर्ष तेच पुन्हा ऐकत बसायचे. पाचवीत रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आई पूर्वी एका कंपनीच्या लॅबमध्ये क्यूसी केमिस्ट होती. धाकट्या भावाच्या वेळी तिने नोकरी सोडली होती आणि तो तीन वर्षांचा झाला की परत जायचं ठरलं होतं. ती परत गेली नाही. २०१५च्या जूनमध्ये माझा दाखला काढला.

महिनाभरातच सरकारने मला शोधून काढलं. त्या वर्षी ४ जुलैला राज्यभर शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण एका दिवसात झालं. वस्त्या, स्टेशनं, बाजार, वीटभट्ट्या असं सगळीकडे शिक्षक फिरले आणि नोंद झालेल्या मुलांच्या बोटाला शाई लावली. आमच्या दारात आलेल्या बाईंनी विचारलं, मुलगी शाळेत जाते का? आई म्हणाली, नाही, घरी शिकते. बाईंनी फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. 'घरी शिकते' याला त्यात जागा नव्हती. शाई लागली. मला तर गंमतच वाटली, आईला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्या बाईंचा गोंधळ कायद्याचाच आहे. शिक्षणहक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण द्यायची जबाबदारी त्याने सरकारवर टाकली आणि दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवलं. मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला काय शिक्षा, याचा त्यात उल्लेख नाही. घरी शिकवायला परवानगी आहे असंही कुठे लिहिलेलं नाही आणि बंदी आहे असंही नाही. अमेरिकेत १९९३पासून पन्नासही राज्यांत ते कायदेशीर आहे, जर्मनीत जवळपास पूर्ण बंदी आहे. आपल्याकडे ते चालतं, कुणी विचारेपर्यंत. आणि विचारलं जातं ते मुलाला. लिफ्टमध्ये, लग्नात, रिक्षात: "आज शाळा नाही का?" पहिल्या वर्षी मी सगळं समजावून सांगायचे. पुढे "सुट्टी आहे" म्हणायला शिकले.

आमचं वेळापत्रक बाबांच्या शिफ्टवर बेतलेलं होतं. ते नाईटला असले की सकाळी घरात आवाज करायचा नाही, म्हणून वाचन आणि गणित. दुपारी ते उठले की विज्ञान, कारण पंप, व्हॉल्व्ह, प्रेशर, पीएच हे सगळं बाबांना पुस्तकाशिवाय येतं. बालभारतीची पुस्तकं आम्ही सोडली नव्हती, फक्त त्यांचा क्रम सोडला होता. सहावीचं गणित दिवाळीपर्यंत संपलं. इतिहास मात्र दोन वर्षं रखडला, कारण आईला तो आवडत नाही. यावर पुढे येते.

फायदा म्हणून मला एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी भरती-ओहोटीची गोष्ट सांगेन. आजीचं घर सातपाटीला. आजोबांची बोट होती. आजीला घड्याळाआधी पाणी कळतं. आज पंचमी, पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. मी अपूर्णांक शिकत होते, त्यामुळे पाऊणकी मला तिथेच पाठ झाली. आईने मग पुढचं काम दिलं: आजीचा नियम तपास. पावसाळ्यात वर्तमानपत्रात भरतीच्या वेळा येतात, त्या मी वहीत लिहायला लागले. प्रतिपदा-द्वितीयेला आजीचं गणित बऱ्यापैकी जुळायचं. एकादशीच्या पुढे ते अर्ध्या तासाहून जास्त आधीची वेळ सांगायचं. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, आणि पाणी भरायचं बाराच्या आसपास.

हे का, ते शोधण्यात माझा तो अख्खा पावसाळा गेला. शेवटी उत्तर मिळालं ते सोपं होतं. चंद्र एका तिथीत सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो. ३६० अंशांना २४ तास, तर १२ अंशांना ४८ मिनिटं. भरती दर तिथीला ४८ मिनिटांनी पुढे जाते आणि पाऊणकी धरते ४५. दर तिथीला तीन मिनिटं मागे, पंधरा तिथींत पाऊण तास. मग तिथी पुन्हा एकपासून सुरू होतात आणि चूक आपोआप पुसली जाते. नेमका गुणक चार-पंचमांश हवा, पण होडीत उभं राहून चार-पंचमांशाने कोण गुणणार? मी मोठ्या ऐटीत आजीला तिच्या नियमातली चूक सांगितली. ती म्हणाली, "बाय, पाण्याच्या आधी पोचलेलं बरं, मागनं पोचून काय कामाचं?" चूक कुठल्या बाजूला झाली तर चालते, हे पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला परत शिकवलं गेलं, पण तोवर ते मला येत होतं.

शाळेत याला एक तासिका मिळाली असती, तीही कदाचित. घरी शिकण्याचा फायदा मला विचाराल तर हाच आहे: एखादा प्रश्न संपेपर्यंत त्याच्यापाशी बसायला मिळतं, घंटा होत नाही. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीच्या बाजूला भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हाही तसंच झालं. धुंदलवाडी, हळदपाडा, चिंचले ही नावं रोज कानावर यायला लागली. लोक रात्री घराबाहेर तंबूत झोपायचे, शाळा उघड्यावर भरायच्या. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१चा धक्का बसला, आमच्या स्वयंपाकघरात भांडी वाजली. अभ्यासक्रमात ज्या वर्षी जे होतं ते बाजूला ठेवून आम्ही भूकंप घेतला. रिश्टरच्या आकड्यात एकाने वाढ म्हणजे धक्क्याची ऊर्जा सुमारे बत्तीसपट, हे कळल्यावर मी लॉगॅरिदम शिकायला मागितला. तो नववीच्या पुस्तकात नव्हता. आता गंमत बघा: पुढच्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्च २०२०ला होता. कोरोनामुळे तो रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीने गुण मिळाले. माझ्या भूगोलाच्या गुणांत भूकंपाचा काडीचाही वाटा नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, भलतीच हुशार मुलगी. तोच तर पहिला तोटा. २०१६मध्ये मुंबईच्या मालविका जोशीला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. तिच्या आईने तिला सातवीत शाळेतून काढलं होतं. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवलं होतं. बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीचं दार तिला बंद होतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने मात्र तिला थेट एमएस्सीच्या पातळीवर घेतलं होतं. आमच्या मामांनी ती बातमी कापून आणली आणि फ्रिजवर चिकटवली. मी बारा वर्षांची होते. त्या दिवसापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी फ्रिजकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. मालविकाचं कौतुक मला आजही आहे, पण त्या कात्रणाने माझं नुकसान केलं. शाळेत जाणाऱ्या मुलाला साठ-पासष्ट टक्के मिळवून सुखात जगता येतं. घरी शिकणाऱ्या मुलाला मध्यम असण्याची मुभा नसते. तो विलक्षण निघाला तर आई-वडिलांचं द्रष्टेपण, आणि साधा निघाला तर 'तरी आम्ही सांगत होतो'. मला दहावीला ८३ टक्के मिळाले. शाळेत असते तर पेढे वाटले असते. घरी दोन्ही बाजूंचे नातेवाईक निराश झाले.

दुसऱ्या तोट्याबद्दल पालकांच्या लेखांत कधी वाचलेलं नाही. शाळेत आई नसते. ऐकायला विचित्र वाटेल, पण शाळेचा हा फार मोठा गुण आहे. तिथे गृहपाठ विसरला तर बाई ओरडतात आणि घरी आल्यावर आई पोहे देते. आमच्याकडे ओरडणारी आणि पोहे देणारी एकच. बैजिक राशींवरून सकाळी भांडण झालं की दुपारी पोळीभाजी वाढणाऱ्या हातातही ते भांडण असायचं. चौदाव्या वर्षी मुलींची आईशी तशीही खणाखणी असते, पण त्यांना दिवसाचे सहा तास तरी सुटका असते. मला बाल्कनी होती.

आणि आईच्या कच्च्या बाजू त्या माझ्या कच्च्या बाजू झाल्या. तिला इतिहास कंटाळवाणा वाटतो म्हणून शिवकाल ते स्वातंत्र्य हा प्रवास मी परीक्षेआधीच्या काही महिन्यांत धापा टाकत केला. काही इंग्रजी शब्द ती जसे उच्चारते तसेच मी उच्चारत होते आणि ते चुकीचे आहेत हे मला अकरावीत, भर वर्गात कळलं. शाळेत सात विषयांना सात माणसं असतात. त्यातले दोन भिकार निघाले तरी पाच उरतात.

आईच्या बाजूचा हिशेब मला खूप उशिरा कळला. लोक म्हणतात घरी शिकवणं स्वस्त, फी वाचते. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात हे खरं. पण त्याची किंमत एका माणसाचा अख्खा पगार असते आणि ते माणूस बहुतेक घरांत आईच असते. ही गोष्ट काही आजची नाही. पंडिता रमाबाई कुठल्याही शाळेत गेल्या नाहीत. त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, त्यांना संस्कृत शिकवलं, तेही पहाटे, कारण दिवस उजाडला की घरकामातून तिला सवड नसायची. त्या शिक्षणाच्या बळावर रमाबाईंना १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आपल्याला पदव्या आठवतात. पहाटे उठणारी बाई कुणाच्या फारशी ध्यानात राहत नाही.

मैत्रिणी नव्हत्या का, हा सगळ्यांचा लाडका प्रश्न. होत्या. बिल्डिंगमध्ये साडेपाचनंतर खाली दहा-बारा जणं जमायची. शिवाय माझी ओळख सगळ्या वयाच्या माणसांशी झाली: सातपाटीला जाळी विणणारे आजोबा, चिंचणीत सोन्याच्या दागिन्यांच्या डाय बनवणारे एक काका (त्यांच्याकडे मी भूमिती शिकले असं म्हटलं तर चालेल), बाबांचे शिफ्टमधले मित्र. मोठ्यांशी बोलायला मी कधी घाबरले नाही. घाबरायचे ते माझ्याच वयाच्या घोळक्याला. खाली खेळताना सगळ्या जणी शाळेतल्या कुठल्या तरी सरांची नक्कल करायच्या आणि हसून लोळायच्या, आणि मी नुसती उभी. स्नेहसंमेलन, सहल, बाकाखाली चिठ्ठी, वर्गाबाहेर काढलं जाणं, यातलं काहीच माझ्याकडे नाही. अकरावीत आठवणी निघाल्या की मी ऐकत बसायचे.

काही गोष्टी फक्त गर्दीत शिकता येतात, हे मात्र मी मानते. तीन तासांत पेपर लिहून संपवणं ही त्यातली एक. घरी मला वेळेचं बंधन नव्हतं, त्यामुळे माझं अक्षर सुंदर आणि वेग गोगलगायीचा. पहिल्या सराव परीक्षेत गणित येत असून शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. रांगेत आपला नंबर येईपर्यंत थांबणं, दुसरा चुकीचं बोलत असताना ऐकून घेणं, आपल्यापेक्षा हुशार मुलगी शेजारी बसलेली असताना न कोमेजणं, हे सगळं मी सोळाव्या वर्षानंतर शिकले. त्या वयात ते जास्त दुखतं. प्रयोगशाळेचं तर विचारूच नका. केमिस्ट आईची मुलगी, आम्ल-अल्कलींची समीकरणं तोंडपाठ, आणि अकरावीत ब्युरेट हातात दिल्यावर तोटी कुठल्या बाजूला फिरवायची ते कळेना.

आता कागदांचं सांगते, कारण कुणी हा विचार करत असेल तर त्याला याचाच जास्त उपयोग. महाराष्ट्रात माणूस जन्मदाखल्यावर जन्मतो आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जगतो. जातीचा दाखला, जात पडताळणी, अधिवास, कुठेही जा, एलसी आणा. माझ्याकडे पाचवीचा दाखला होता म्हणून निभावलं. सतरा नंबरच्या फॉर्मसाठीही किमान पाचवी पास असल्याचा पुरावा आणि तो दाखला लागतो. त्यामुळे मुलाला शाळेचं तोंडच दाखवायचं नाही असं कुणी ठरवलं तर राज्य मंडळाचा हा रस्ता त्याच्यासाठी अवघड होतो. फॉर्म भरला की एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते; तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं तिथे. आमच्या संपर्क केंद्रातल्या कारकुनाने आईला तीन वेळा विचारलं, मुलीला घरी का बसवलीत? लग्न ठरलंय का?

दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा. १९८९ साली ही संस्था सुरू झाली. दहावीला वय १४ पूर्ण हवं, पाच विषय घ्यायचे, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय करून सोडवता येतो. दहावीला मराठी माध्यमही आहे. घरी शिकणारी बहुतेक मुलं इकडेच जातात. आम्ही गेलो नाही, कारण आईला राज्य मंडळाची पुस्तकं माहितीची होती आणि परीक्षा केंद्र जवळ हवं होतं. मुक्त विद्यालयातून बारावी केलेल्यांना वैद्यकीय प्रवेशाची नीट देता येणार का, यावर अनेक वर्षं कोर्टबाजी चालली. २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अडसर दूर केला. राज्यानेही आता स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ काढलं आहे, तिथे पाचवी आणि आठवीच्याही परीक्षा देता येतात. मला हे तेव्हा मिळालं असतं तर बरं झालं असतं.

छोटे कागद जास्त छळतात. स्कॉलरशिपची परीक्षा, चित्रकलेची एलिमेंटरी, डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा, सगळं शाळेमार्फत. डहाणूपर्यंत लोकल २०१३ला आली, पण विद्यार्थी सवलतीच्या पासाला शाळेचं प्रमाणपत्र लागतं. मी शिकत होते, तरी रेल्वेच्या लेखी विद्यार्थिनी नव्हते. पालघरच्या वाचनालयात जायला पूर्ण तिकीट काढायचे.

या सगळ्या तक्रारी करताना मला अवघडल्यासारखं होतं, कारण मी राहते पालघर जिल्ह्यात. इथे शाळेबाहेर असलेलं मूल म्हणजे माझ्यासारखं मूल नव्हे. दिवाळी झाली की जव्हार-मोखाडा-विक्रमगडकडची कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पोरांना घेऊन, आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचं अर्धं वर्ष गेलेलं असतं. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात त्या झोपड्यांपाशीच वर्ग सुरू केले, त्या भोंगाशाळा. त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीत आणि १९५७नंतर कोसबाडच्या टेकडीवर काम केलं. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी पाड्यावर न्यायची, ती अंगणवाडी. मूल गुरं राखायला जात असेल तर शिक्षकाने कुरणात जायचं, ती कुरणशाळा. आई मला कोसबाडला घेऊन गेली होती तेव्हा मी फुशारकीने म्हटलं होतं, म्हणजे हेही शाळेविनाच शिकले! आई म्हणाली, "नाही. तुझ्याकडे शाळा होती आणि तू सोडलीस. त्यांच्याकडे नव्हती आणि ती त्यांच्यापर्यंत चालत आली." त्या दिवशी आई शिक्षिका म्हणून मला पहिल्यांदा पटली.

२०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळा देश घरी शिकायला लागला. बिल्डिंगमधल्या काकू विचारायला यायच्या, तुम्ही इतकी वर्षं हे कसं केलंत? पण ते घरशिक्षण नव्हतं, ती मोबाईलमध्ये कोंबलेली शाळा होती: तीच घंटा, तीच हजेरी, फक्त मित्र वजा केलेले. ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता त्यांच्यासाठी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं. दांडवळसारख्या पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनची 'बोलकी शाळा' लाऊडस्पीकरवरून धडे ऐकवायची आणि मुलं झाडाखाली बसून ऐकायची. मला त्या मुलांचा हेवा वाटला, खरंच. निदान एकत्र होती.

आता बिल्डिंगमधले, नात्यातले लोक मला विचारतात, आमच्या मुलीला काढू का? मी विचारते, नोकरी कोण सोडणार? दाखला कितवीचा काढणार? तुम्हाला कुठला विषय येत नाही आणि तो कोण शिकवणार? आणि मुलीला विचारलंत का? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण हसतात. मला २०१५मध्ये कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, पोट दुखत होतं ना. पण आठवीत परत विचारलं असतं तर मी शाळेत गेले असते, निदान वर्षभर. दर जूनमध्ये नव्याने विचारायला हवं, एवढं मला कळतं. धाकट्याला आम्ही दरवर्षी विचारतो. तो शाळेत जातो. घरी का नको, तर म्हणतो, घरी मधली सुट्टी नसते.

मी कॉलेजात गेल्यावर आईने पुन्हा नोकरीसाठी अर्ज केले. एका कंपनीत मुलाखतीला बोलावलं. त्यांनी विचारलं, मधली वर्षं काय करत होता? ती म्हणाली, शिकवत होते. कोणत्या शाळेत? तिच्याकडे अनुभवाचं प्रमाणपत्र नव्हतं. तिथे काही झालं नाही. आता ती संध्याकाळी आमच्याच हॉलमध्ये नववी-दहावीचं गणित-विज्ञान घेते. यंदा तिच्याकडे सतरा नंबरवाले तिघे आहेत, त्यातल्या एका काकू कंपनीतून सुटून साडेसहाला येतात. इतिहासाला त्यांना मी बसवते.